स्वस्त झालेला चहा समुद्रात का फेकला गेला?

१/
१७७३ हे साल स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते : रेग्युलेटिंग ॲक्ट. त्याच वर्षी १६ डिसेंबरच्या रात्री, बंगालपासून हजारो मैल दूर, बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात रित्या करण्यात आल्या. या दोन घटना आपण दोन निरनिराळ्या पुस्तकांत वाचतो. वस्तुतः त्या एकाच संकटाची अपत्ये आहेत. त्याविषयी हा धागा.

२/
‘इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला, म्हणून अमेरिकन लोक चिडले’ असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात १७७३ च्या चहा कायद्याने एका पेनीचाही नवा कर बसवला नव्हता. उलट त्या कायद्यामुळे वसाहतींत चहा पूर्वीपेक्षा स्वस्त मिळणार होता. मग स्वस्त चहा कोणी समुद्रात का फेकेल? याचे उत्तर शोधण्यासाठी दहा वर्षे मागे जावे लागते.

३/
१७५६ ते १७६३ या सप्तवार्षिक युद्धात ब्रिटनने फ्रान्सचा पराभव केला आणि कॅनडा मिळवला. पण विजयाची किंमत जबर होती. ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज सुमारे ७.५ कोटी पौंडांवरून १३ कोटींच्या घरात गेले. शिवाय अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक कायम ठेवण्याचे ठरले. या संरक्षणाचा लाभ वसाहतींना मिळतो, तेव्हा खर्चाचा काही वाटा त्यांनीही उचलावा, असे लंडनचे म्हणणे होते. इंग्लंडमधील करदाता आधीच वाकलेला होता. म्हणून हे म्हणणे सर्वस्वी अवाजवी मानता येत नाही.

४/
परंतु न्यू हॅम्पशायरपासून जॉर्जियापर्यंतच्या तेराही वसाहतींत लोकनियुक्त सभा होत्या आणि अंतर्गत कर त्याच बसवत. बहुतेक ठिकाणी गव्हर्नर राजाचा, पण त्याचा पगार मंजूर करणार स्थानिक सभा. लंडन व्यापारावर जकात आकारत असे, मात्र ती वसूल करण्याबाबत ढिलाई होती. जमिनीच्या बाबतीत आपण म्हणतो, वहिवाटीने हक्क सिद्ध होतो. येथेही पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने एक हक्क रुजला होता : आमच्या खिशातला पैसा आमच्या संमतीनेच घेतला जाईल.

५/
पहिला खटका उडाला तो जमिनीवरून. ऑक्टोबर १७६३ मध्ये राजाने जाहीरनामा काढून ॲपलेशियन पर्वतरांगेच्या पश्चिमेस वस्ती करण्यास मनाई केली. पाँटियाक या ओडावा सरदाराच्या नेतृत्वाखाली मूळनिवासी जमातींनी त्याच वर्षी उठाव केला होता आणि लंडनला आणखी एक खर्चिक युद्ध नको होते. पश्चिमेकडील जमिनींवर डोळा ठेवून बसलेले वसाहतवाले मात्र दुखावले.

६/
१७६४ चा साखर कायदा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. रमसाठी लागणाऱ्या परदेशी मळीवरील जकात या कायद्याने गॅलनमागे ६ पेन्सवरून ३ पेन्सवर आणली, म्हणजे निम्मी केली! तरीही संताप उसळला. कारण आजवर लाच देऊन वा चोरट्या आयातीने टाळली जाणारी जकात आता खरोखर वसूल होणार होती, आणि चोरट्या व्यापाराचे खटले ज्यूरी नसलेल्या नौदलीय न्यायालयांत चालवता येणार होते. दर उतरला आणि राग चढला. चहाच्या प्रकरणाची ही जणू रंगीत तालीमच होती.

७/
मार्च १७६५ मध्ये पार्लमेंटने मुद्रांक कायदा संमत केला. न्यायालयीन कागद, वर्तमानपत्रे, पंचांगे, परवाने, इतकेच काय, पत्ते आणि फासे यांवरही मुद्रांक शुल्क लागू झाले. इंग्लंडमध्ये असे शुल्क १६९४ पासून होतेच. परंतु वसाहतींच्या अंतर्गत व्यवहारावर, केवळ महसुलासाठी, पार्लमेंटने थेट बसवलेला हा पहिलाच कर होता.

८/
येथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १२ ऑगस्ट १७६५ : शाह आलम बादशहाकडून कंपनीला बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी. १४ ऑगस्ट १७६५ : बोस्टनमध्ये मुद्रांक-वितरक अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा झाडाला टांगला गेला, पुढे जमावाने त्याच्या घरावर हल्ला केला आणि ऑलिव्हरने ते पद सोडण्याचे कबूल केले. दोन दिवसांच्या अंतराने एका खंडात इंग्रजांना महसुलाचा हक्क फर्मानाने मिळत होता, तर दुसऱ्या खंडात तोच हक्क रस्त्यावर नाकारला जात होता.

९/
लंडनचा बचाव असा : मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम यांचेही स्वतंत्र सभासद पार्लमेंटात नाहीत, तरी तेथील लोक कर भरतात, कारण प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. वसाहतवाल्यांचे उत्तर अचूक होते. बर्मिंगहॅमवर कर बसवणारा सभासद तोच कर स्वतःही भरतो. अमेरिकेवर कर बसवणाऱ्याला मात्र त्यातला छदामही भरावा लागत नाही; उलट त्याचा स्वतःचा भार हलका होतो. ज्याला झळ लागत नाही त्याच्या हाती कर ठरवणे सोपवले, तर त्याला आवर कोण घालणार?

१०/
ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला, इंग्लंडचे व्यापारीच गाऱ्हाणे मांडू लागले आणि १८ मार्च १७६६ रोजी मुद्रांक कायदा रद्द झाला. लोकांनी आनंदोत्सव केला. पण त्याच दिवशी आणखी एक कायदा झाला होता : वसाहतींसाठी सर्व बाबतींत बंधनकारक कायदे करण्याचा अधिकार पार्लमेंटला आहे, असे जाहीर करणारा. कर मागे घेतला गेला होता, अधिकार नव्हे.

११/
१७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड याने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा या आयात मालावर जकात बसवली. जकातीपेक्षा तिचा विनियोग अधिक झोंबणारा होता : या उत्पन्नातून गव्हर्नर व न्यायाधीश यांना पगार देता येणार होता. म्हणजे स्थानिक सभांच्या हातातील एकमेव लगाम सुटणार. पुन्हा बहिष्कार सुरू झाला. स्त्रिया एकत्र जमून सूत कातू लागल्या आणि घरी विणलेले कापड वापरणे अभिमानाचे ठरले. १९०५ ची आपली स्वदेशी चळवळ वाचलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

१२/
१७६८ मध्ये बोस्टनमध्ये सैन्य उतरले. ५ मार्च १७७० च्या रात्री जमाव आणि सैनिक यांच्यात चकमक होऊन गोळीबार झाला. पाच जण मरण पावले. त्यांत क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकी व मूळनिवासी वंशाचा खलाशी होता. सैनिकांचे वकीलपत्र घेतले ते जॉन ॲडम्सने, जो पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. कॅप्टन प्रेस्टन व बहुतेक सैनिक निर्दोष सुटले. दोघांवर सदोष मनुष्यवधाचा दोष ठेवला गेला.

१३/
योगायोग असा की त्याच ५ मार्चला लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ टाउनशेंडच्या जकाती रद्द करण्याचा प्रस्ताव मांडत होता. एक मात्र राखून ठेवली : चहावरील, दर पौंड वजनामागे ३ पेन्स. तिचे उत्पन्न मोठे होते म्हणून नव्हे, तर पार्लमेंटचा अधिकार दिसत राहावा म्हणून. नंतरची तीन वर्षे तुलनेने शांत गेली. अनेक वसाहतवाले चोरून आणलेला डच चहा पीत राहिले.

१४/
आता बंगालकडे वळू. १७६९-७० मध्ये तेथे भीषण दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये लंडनला कळवले की प्रांतातील किमान एक तृतीयांश लोक मेले असावेत. आणि तरीही १७७१ ची निव्वळ महसूल वसुली १७६८ पेक्षा अधिक होती. ही वसुली सक्तीने टिकवून धरली गेली होती, हेही त्याने नमूद केले. ज्यांच्याकडून ती झाली त्यांच्यापाशी ना सभा होती, ना बहिष्काराचे साधन.

१५/
एवढे करूनही कंपनीची तिजोरी रिकामी होत होती. लष्करी खर्च, भागधारकांना १२.५ टक्क्यांपर्यंत वाढवलेला लाभांश, १७६७ पासून ब्रिटिश सरकारला वर्षाकाठी द्यावयाचे ४ लाख पौंड, आणि त्यातच १७७२ ची युरोपातील पतटंचाई. लंडनच्या वखारींत सुमारे १.७ कोटी पौंड वजनाचा चहा विक्रीवाचून पडून होता. हा चहा भारतातला नव्हे, चीनच्या कँटन बंदरातून आणलेला. आसामचे मळे यायला अजून साठ-सत्तर वर्षे होती.

१६/
कंपनी बुडाली तर सरकारची पतही धोक्यात येणार. म्हणून १७७३ मध्ये तीन उपाय झाले. कंपनीला १४ लाख पौंडांचे कर्ज मिळाले. त्याबरोबर तिच्या कारभारावर नियंत्रण आणणारा रेग्युलेटिंग ॲक्ट आला. आणि साठलेला माल खपवण्यासाठी चहा कायदा झाला. आपल्या पाठ्यपुस्तकातील कायदा आणि बोस्टनचा तो चहा यांचे नाते ते हे.

१७/
चहा कायद्याने कंपनीला मधले व्यापारी टाळून थेट अमेरिकेत माल पाठवण्याची मुभा दिली आणि इंग्लंडमधील जकात परत मिळू लागली. त्यामुळे कंपनीचा चहा चोरट्या डच चहाशीही टक्कर देऊ शकणार होता. वसाहतींतील ३ पेन्सही काढून टाका, नाहीतर ते लोक चहा घेणार नाहीत, असा इशारा विल्यम डाउड्सवेल या सभासदाने पार्लमेंटात दिला होता. नॉर्थने तो मानला नाही.

१८/
वसाहतवाल्यांनी हा डाव ओळखला. चहा विकत घेणे म्हणजे ३ पेन्स भरणे, आणि ३ पेन्स भरणे म्हणजे पार्लमेंटचा अधिकार मान्य करणे. अर्थात सारेच विरोधक तत्त्वनिष्ठ नव्हते. चोरट्या चहावर गबर झालेल्यांचा धंदा बसणार होता. कंपनीने निवडक अडते नेमले होते, त्यामुळे उरलेले व्यापारी धास्तावले होते. बोस्टनच्या अडत्यांत तर गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते. तत्त्व आणि स्वार्थ एकाच बाजूला उभे राहिले, म्हणूनच विरोध इतका बळकट झाला.

१९/
आणखी एक भीती होती आणि ती थेट बंगालमधून आली होती. फिलाडेल्फियाचा वकील जॉन डिकिन्सन याने नोव्हेंबर १७७३ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात आशियातील कंपनीच्या वर्तनाकडे बोट दाखवले : जिने जीवनावश्यक वस्तू आपल्या कब्जात घेऊन भाव चढवले आणि असंख्य लोकांना उपासमारीने मरू दिले, तीच कंपनी आता अमेरिकेकडे वळली आहे, असा त्याचा आशय होता. बंगालचा दुष्काळ अमेरिकेच्या राजकीय वादात साक्षीला उभा होता.

२०/
न्यूयॉर्क व फिलाडेल्फियाकडे निघालेली जहाजे परत गेली. बोस्टनमध्ये हचिन्सन हटून बसला : जकात भरल्याखेरीज जहाजांना परतीचा परवाना नाही. ‘डार्टमथ’ जहाजाला जकात भरण्यासाठी असलेली २० दिवसांची मुदत संपत आली. १६ डिसेंबरला हजारो लोक ओल्ड साउथ सभागृहात जमले. रात्री मोहॉकांचा वेश घेतलेल्या टोळ्या तीन जहाजांवर चढल्या आणि सुमारे ९२,००० पौंड वजनाचा चहा पाण्यात गेला. कंपनीने नुकसान सांगितले ९,६५९ पौंड.

२१/
लंडनने १७७४ मध्ये बोस्टनचे बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सची स्वायत्तता छाटली. एका शहराला वेगळे पाडण्याचा हेतू होता. परिणाम उलटा झाला. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाला एकत्र आले. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन येथे पहिल्या गोळ्या सुटल्या आणि ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला गेला. १७७८ मध्ये पार्लमेंटने कायदा करून महसुलासाठी वसाहतींवर कर बसवण्याचा आग्रह सोडला. तोवर फार उशीर झाला होता.

२२/
या संमतीच्या तत्त्वाची वेसही सांगितली पाहिजे. वसाहतींतील दर पाच माणसांत जवळपास एक जण कृष्णवर्णीय होता आणि त्यांतील बहुसंख्य गुलाम. जानेवारी १७७३ मध्ये, म्हणजे चहा बुडवण्याच्या अकरा महिने आधी, मॅसॅच्युसेट्समधील गुलामांनी गव्हर्नर व स्थानिक सभेकडे दाद मागितली होती. तिचा उपयोग झाला नाही. मूळनिवाशांच्या जमिनींबाबत तर त्यांची संमती नव्या राष्ट्रानेही क्वचितच मनापासून विचारली.

२३/
शेवटी एक माणूस. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला ज्याच्या सैन्याने शरणागती पत्करली आणि ब्रिटनने अमेरिका जवळजवळ गमावली, तो सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस. पाचच वर्षांनी, १७८६ मध्ये, तो गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्यात उतरला. कराच्या प्रश्नावरून पेटलेले युद्ध हरलेल्या या गृहस्थाने १७९३ मध्ये बंगालचा जमीनमहसूल कायमचा ठरवून टाकला. तेव्हाही शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. त्या कायमधारा पद्धतीवर पुढे केव्हातरी सविस्तर लिहीन.

(समाप्त)