रुळांवरून लागलेली तारीख

मुंबईच्या चोरबाजारातल्या एका दुकानात, बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगाखालून, मला बोरीबंदराचे एक छायाचित्र मिळाले; त्याच्या पाठीवर ना छायाचित्रकाराची मोहोर होती ना तारीख. आणि दुकानदाराने त्याचे जे वय सांगितले ते इतिहासापेक्षा किमतीच्या हिशेबाने मुक्रर झालेले असल्यामुळे, घरी येऊन भिंग हाती घेण्यावाचून मला गत्यंतर उरले नाही.

वास्तूंवरून काळ ठरवावा, हा आपला नित्याचा परिपाठ. स्थापत्यकार स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून १८७८ साली आरंभ होऊन दहा वर्षांत सिद्ध झालेल्या इथल्या रेल्वे स्थानकाचा घुमट या चित्रात पूर्ण दिसतो, आणि समोर, त्याच स्थापत्यकाराची महापालिकेची इमारत १८९३ साली जिथे पुरी झाली, तिथे नुसते आकाश आहे. एवढ्यावर काम भागले, हे खरे. परंतु असा योग विरळा. एरवी इमारत एकदा उभी राहिली की शंभर वर्षे तीच जबानी देत राहते. कालमानाचा बारकावा मिळतो तो पायाखालच्या रस्त्याकडून. ९ मे १८७४ रोजी कुलाब्याहून आणि बोरीबंदराहून पायधुणीपर्यंत घोड्यांच्या ट्रामगाड्या धावू लागल्या. तेव्हा त्या वाटेवर रूळ नसतील तर चित्र त्यापूर्वीचे, रूळ असून वर तार नसेल तर अश्वांच्या अमदानीतले, आणि तार आली की ७ मे १९०७ या विजेच्या ट्रामच्या आरंभदिनाच्या सुमाराचे किंवा त्यानंतरचे. दुमजली ट्राम १९२० नंतर. मोटारबस दिसली तर १५ जुलै १९२६ ही अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या पहिल्या फेरीची तारीख ध्यानात ठेवावी.

माझ्या चित्रात रूळ आहेत, तार नाही; आणि त्या रुळांवर धुरासारखा एक आडवा पट्टा पसरला आहे, ज्याच्या आरपार पलीकडच्या दिव्याचा खांब दिसतो. ती ट्रामगाडी. कॅमेऱ्यातल्या काचेवर प्रकाश पुरेसा पडण्याआधीच ती पुढे सरकली, घोडे तर साफ विरघळून गेले, आणि पदपथावर उकिडवा बसलेला, कदाचित तिचे भाडे न परवडणारा, एक हमाल मात्र पागोट्याच्या पेचांसकट स्पष्ट उमटला. ज्या वाहनाने हे शहर हलते केले, त्याचीच प्रतिमा हलण्यापायी पुसली जावी, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदराहून दादरकडे अखेरची ट्राम निघाली. रूळ पुढे डांबराखाली गेले, तारा उतरल्या. ट्राम टर्मिनसची दोन आद्याक्षरे तेवढी शिल्लक राहिली, आणि ट्राम कधी डोळ्यांनीही न पाहिलेला कंडक्टर आजही घंटी ओढून पुकारतो, ‘दादर टीटी!’