बंदुकीचा कान : मागे उलटणाऱ्या जाळाची गोष्ट

या भागाचा लेखी मजकूर खाली देतोय. ज्यांना ऐकायला सवड नसते त्यांनी निवांत वाचावा.

सुरुवातीलाच सांगतो, मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. माझं पोट चिंचोळी एमआयडीसीत लेथवर चालतं. पुणे रस्त्यानं सोलापूर सोडलं की लागते ती वसाहत. दिवसभर आमच्याकडे एकच चर्चा असते, गॅप किती, प्ले किती, शिम टाकायची की फेस मारायचा. त्यामुळे किल्ल्यावर गेलो आणि तोफ दिसली की लोक तोंडाकडून फोटो काढतात, मी मागं जातो. मागच्या बाजूला वरती एक भोक असतं. मराठीत त्याला कान म्हणतात. आजचा भाग त्या कानाबद्दल आहे.

तोफेच्या किंवा ठासणीच्या बंदुकीच्या नळीत दारू भरली, गजानं ठासली, वर गोळी बसवली. आता दारूला आग लावायची कशी? नळीचं मागचं तोंड तर बंद आहे. म्हणून बाजूला किंवा वर एक बारीक छिद्र, तोच कान. त्याच्या तोंडाशी चिमूटभर बारीक दारू ठेवायची, तिला रंजक म्हणतात. तोड्याचा निखारा रंजकीला टेकला की जाळ कानातून आत शिरतो आणि बार होतो.

पण दाबाला दिशा कळत नाही ना. आत दारू पेटली की वायू सगळीकडे ढकलतो. पुढं गोळी आहे, ती सरकते. मागं भिंत आहे, ती अडवते. आणि ज्या कानातून जाळ आत गेला, त्याच वाटेनं तो उलटून बाहेर येतो, थेट बंदूकवाल्याच्या गालाशेजारी.

इथं साधा हिशेब बघा. भोक दीड मिलिमीटरचं असेल तर फवारा बारीक. दर बाराला तापलेला वायू आणि दारूची राख भोकाच्या कडा खात जाते. तेच भोक तीन मिलिमीटर झालं तर व्यास दुप्पट, पण क्षेत्रफळ चौपट. म्हणजे मागे उलटायला चौपट वाट मोकळी. गोळीमागचा जोर थोडा कमी होतो, आणि तोंडावर येणारा जाळ मात्र चांगलाच वाढतो.

उलट बाजूही आहे. भोक बारीक ठेवलं तर ते राखेनं तुंबतं. रंजक फुर्रकन उडते आणि आतली दारू थंड ती थंडच. म्हणून आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीला बऱ्याचदा साखळीनं अडकवलेली एक बारीक सळई असते. संग्रहालयात लोकांना ती दागिन्यासारखी वाटते. ती कान कोरायची सळई आहे. रंजकीवर सरकतं झाकणही असायचं, वाऱ्यापावसापासून आणि चुकून पडणाऱ्या ठिणगीपासून जपायला.

तोफेची गोष्ट आणखी मोठी. युरोपातल्या तोफखान्यात नळी पुसताना आणि ठासताना एका माणसाचं काम एवढंच असे, की चामड्याची टोपी घातलेला अंगठा कानावर गच्च दाबून धरायचा. कान उघडा राहिला तर ठासताना हवा आतून वाहते, आत राहिलेली ठिणगी फुलते, आणि पुढं ठासणाऱ्या गड्याचे हात जातात. झिजलेल्या कानात तांब्याची बुशिंग बसवायचीही पद्धत होती. बुशिंग म्हटल्यावर मला घरी आल्यासारखं वाटलं. इंग्लंडातले उंची बंदुकवाले तर 1800 च्या आसपास कानाला सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं अस्तर लावत. दिसायला बरं म्हणून नव्हे, तर जाळानं ते लवकर खात नाही म्हणून.

कानाची किंमत शत्रूलाही ठाऊक होती. तोफ पळवून नेता येत नसेल तर काय करायचं? कानात खिळा ठोकायचा. कितीही टनांची तोफ एका खिळ्यानं मुकी होते.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. बार्शीच्या पुढं परांडा किल्ला आहे. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ 1632 मध्ये या परांड्याहूनच विजापूरला नेली. ओतली अहमदनगरला, 1549 मध्ये, वजन साधारण 55 टन. विजापूरला गाइड सांगतात, की बत्ती दिल्यावर गोलंदाज शेजारच्या पाण्यात डोकं बुडवायचा. दंतकथा म्हणा हवं तर, पण मागच्या माणसाला काय सोसावं लागे याची आठवण लोकांनी या गोष्टीत जपून ठेवली आहे. तोफेवर निजामशहाचं नाव आहे, ओतणाऱ्या मुहम्मद बिन हुसेन रूमीचं नाव आहे, पुढं औरंगजेबानंही आपला लेख कोरला. कानापाशी उभ्या राहणाऱ्याचं नाव मात्र कुठंच नाही.

आता तुम्ही विचाराल, मागूनच भरायची बंदूक आधी का नाही केली? केली होती की! पोर्तुगीज जहाजांवर छोट्या फिरत्या तोफा होत्या. त्यात दारू एका वेगळ्या पेल्यात भरायची. पेला मागून बसवायचा आणि त्याच्या मागं लोखंडाची पाचर ठोकायची. भरायला झटपट. पण पेला आणि नळी यांच्यात जो सांधा, तिथून वायू निसटायचा. पाचर सैल तर जाळ बाहेर, पाचर गच्च तर पेला निघता निघत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर गॅप सेट होत नव्हता. त्या काळच्या लोहाराच्या हातात तेवढा अचूकपणा येणं अवघड होतं. म्हणून शेकडो वर्षं ठासणीनंच राज्य केलं. तिला मागं सांधाच नाही, फक्त एक छोटा कान.

पानिपतला ठासणीच, खर्ड्याला ठासणीच. 20 फेब्रुवारी 1818 ला आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीला बापू गोखले पडले, मे महिन्यात मन्रोनं सोलापूरचा किल्ला घेतला, तेव्हाही दोन्ही बाजूंना ठासणीच. पेशव्यांचा तोफखाना पिढ्यान् पिढ्या सांभाळणाऱ्या पानशांपैकी गणपतराव पानसे त्या सोलापूरच्या लढाईत होते.

गंमत अशी, की त्याच्या आधीच कान बदलायला लागला होता. अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं 1807 मध्ये ठोक्यानं पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं. त्यातून पुढं तांब्याची टोपी आली, आपल्याकडे तिला केप म्हणतात. कानाच्या जागी पोकळ निपल, त्यावर केप, वरून घोडा आपटतो. रंजक गेली, तोडा गेला, पावसाची भीती गेली. 1857 ला जिच्या काडतुसावरून भडका उडाला ती एन्फिल्डसुद्धा केपाचीच, आणि ठासणीचीच.

पण उलटा जाळ गेला का? नाही. निपलचं भोक झिजलं की वायू मागं येतो, केप फाडतो, घोडा उचलतो. म्हणून घोड्याचं तोंड वाटीसारखं खोल करत, केपाचे तुकडे वाटीतच राहावेत. आणि घोड्याची कमान जोरदार ठेवत, म्हणजे तो दाबून बसेल. डोळा वाचायचा तो या दोन गोष्टींमुळं.

मागून भरायच्या बंदुका परत आल्या तेव्हाही भांडण तेच. प्रशियाच्या सुईच्या बंदुकीतून इतका वायू निसटायचा, की शिपाई ती खांद्याला न लावता कमरेवरून झाडत. फ्रेंचांनी 1866 च्या बंदुकीत रबराची रिंग घातली. इंग्रजांनी त्याच सुमारास जुन्या एन्फिल्डची मागची बाजू कापून स्नायडर केली आणि धातूचं काडतूस आणलं. बार होताना काडतुसाची भिंत फुगते, नळीला चिकटते आणि सांधा आपोआप बंद होतो. पण काडतुसाच्या मागं जागा किती सोडायची, हा नवा प्रश्न आला. त्या जागेलाच हेडस्पेस म्हणतात. जागा जास्त झाली तर काडतूस मागं आपटतं, फाटतं. कमी झाली तर बंदूक मिटतच नाही.

आता शेवटचा वळसा. आज परदेशात शिकारी आणि हौशी नेमबाज जी नवी ठासणीची रायफल वापरतात, तिच्यात मागच्या बुचात छर्‍याच्या काडतुसाचा प्रायमर बसतो. पुढून ठासणी, मागून प्रायमर. म्हणजे पोर्तुगीजांच्या पेल्याचा सांधा परत आला! प्रायमर आणि त्याला टेकणारा पोलादी फेस यांत फट राहिली, तर बाराच्या दाबानं प्रायमर मागं सरकतो आणि बाजूनं काजळी, वायू उलटतो. दुर्बिणीवर काळा थर दिसला की समजायचं. उपाय तोच, बुचाच्या मागं पातळ शिम घालायची किंवा आट्याची बुशिंग फिरवून फट कमी करायची, आणि हे मोजायचं थाऊमध्ये. एक थाऊ म्हणजे 0.025 मिलिमीटर, डोक्याच्या केसाहून बारीक. फार घट्ट केलं तर मिटवतानाच प्रायमर चेपतो, आणि तो धोका वेगळा.

हे सगळं सांगायचं कारण काय? आपल्याकडे 1878 च्या हत्यार कायद्यानं बंदूक बनवणं, विकणं, बाळगणं परवान्यावर गेलं, आणि 1959 च्या कायद्यातही ते तसंच राहिलं. परवाना हवाच, त्यात शंका नाही. पण पीक राखायला परवान्याची जुनी ठासणी आजही काही घरांत आहे. तिचं निपल आजोबांच्या काळचं असतं. रानडुकरावर नेम धरणाऱ्याचा डोळा त्या निपलपासून वीतभर अंतरावर असतो. अशी बंदूक घरात असेल तर ती परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या. आमच्यासारख्या लेथवाल्याकडे नेऊ नका. आम्हाला मापं कळतात, पण ते काम कायद्यानं आमचं नाही, आणि दारूचा दाब हा मशीनच्या दाबासारखा समजूतदार नसतो.

पुढच्या वेळी किल्ल्यावर गेलात की तोफेच्या मागं जा. कानात बोट घालून बघा, कडा किती झिजल्यात. कडा जितक्या खाल्लेल्या, तितके बार तिथं कुणीतरी तोंडासमोर झेललेत.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावच्या तोफेचा कान शाबूत आहे की खिळा ठोकलेला, ते जरूर कळवा.