रेतीतले पाणी आणि दोन कायदे

अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्याला संत्र्यांमुळे ‘विदर्भाचे कॅलिफोर्निया’ म्हणतात. संत्र्याच्या बागा विहिरींवर वाढल्या. विहिरी आटू लागल्या तशा विंधनविहिरी शेकडो फूट खोल गेल्या. केंद्रीय भूजल मंडळाच्या २००४ च्या मूल्यांकनात वरूड आणि शेजारचा मोर्शी हे दोन्ही तालुके ‘अतिशोषित’ ठरले. वर्षाकाठी जितके पाणी जमिनीत मुरते त्याहून अधिक उपसले जाते, असा या शब्दाचा अर्थ. ही हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. नदीच्या पात्रातल्या रेतीची हकिगत मात्र पाण्याच्या धड्यात सहसा येत नाही.

रेती ही आपल्या दृष्टीने बांधकामाचे सामान. पण उन्हाळ्यात कोरड्या पात्रात झिरा खोदून पाणी भरणाऱ्या बायांना तिचे दुसरे रूप चांगले माहीत होते. थोडा हिशेब करून पाहू. एक हेक्टर पात्रात दोन मीटर जाडीचा थर असेल, तर रेती झाली २०,००० घनमीटर. रेती पाण्याने पूर्ण भिजली असता तिच्या आकारमानाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके पाणी निथळून हाती येते, असे धरू. म्हणजे ४,००० घनमीटर, अर्थात ४० लाख लिटर. माणशी रोज ४० लिटर या ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या जुन्या प्रमाणाने हजार वस्तीच्या गावाला ते १०० दिवस पुरेल. होळीपासून आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंतचा, नेमका टंचाईचा काळ! झिजलेल्या काळ्या पाषाणातून एवढ्याच आकारमानात जेमतेम दोन-तीन टक्के पाणी मिळते.

आता हीच रेती ट्रकमध्ये भरू. ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. प्रत्येक ब्रासबरोबर साडेपाचशे लिटरांहून अधिक पाणी साठवण्याची जागा निघून जाते, आणि ती दर पावसाळ्यात पुन्हा भरणारी जागा असते. शिवाय पात्राचा तळ खाली गेला की काठच्या विहिरींतील पाण्याला पात्राकडे उतार मिळतो. वर्गात एका काचेच्या बरणीत रेती व दुसरीत मुरमाचे खडे भरून, मोजून पाणी ओतावे आणि बुडाच्या छिद्रातून निथळलेले मोजावे. मुले हा फरक विसरत नाहीत.

कायद्याने मात्र या दोन गोष्टी फार काळ वेगवेगळ्या ठेवल्या. १९५७ च्या केंद्रीय खनिज कायद्याने साधी रेती ‘गौण खनिज’ ठरली व तिचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे आला. विदर्भासाठी १९६६ साली स्वतंत्र नियम झाले. त्यांत रेतीकडे पाहण्याची दृष्टी महसुलाची होती: परवाना किती ब्रासचा, स्वामित्वधन किती. पाण्याचा विचार दुसऱ्या दालनात चालू होता. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली. १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यावर बंधन आले, ते योग्यच होते. पण त्याच स्रोताला पाणी पुरवणारी रेती उचलणाऱ्याचा हिशेब दुसऱ्याच वहीत राहिला. आम्हांला ही विसंगती अडाणीपणाची नव्हे, खात्यांच्या वाटणीची वाटते. शेजारच्या आंध्र प्रदेशाने २००२ साली पाणी, जमीन व वृक्ष यांचा एकच कायदा करून रेतीउपसा त्यात घेतला होता.

खऱ्या कॅलिफोर्नियातही असाच प्रश्न होता. तेथे १९७५ च्या कायद्याने उघड्या खाणीचे काम सुरू करण्यापूर्वीच ती जमीन पुन्हा उपयोगात कशी आणणार याचा आराखडा मागितला. पुढे त्या खर्चाची आर्थिक हमीही सक्तीची झाली. लिव्हरमोरच्या खोऱ्यातील वाळू-खडीच्या खाणींसाठी १९८१ साली ठरले, की काम संपलेल्या खड्ड्यांची तलावमाळ व्हावी आणि ती ‘झोन सात’ या सार्वजनिक पाणीसंस्थेकडे भूजल पुनर्भरणासाठी जावी. हस्तांतर दशकानुदशके रेंगाळले, हेही सांगितले पाहिजे. शिवाय ते खड्डे नदीबाहेरचे आहेत. आपल्याकडचा खड्डा पात्रातच असतो आणि तो भरण्याचे काम आपण पुरावर सोपवतो.

आपल्याकडे दोन दालनांमधले दार हळूहळू किलकिले झाले. २०१० च्या रेती धोरणापासून घाटाच्या लिलावापूर्वी भूजल यंत्रणेचे तांत्रिक मत घेतले जाऊ लागले. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील एका प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेने उपसा आणि पुरासोबत नव्याने येणारी रेती यांचा मेळ घालण्यास सांगितले.

वरूडचे पाणी रेतीमुळे आटले, असे म्हणणे चुकीचे होईल. तेथला मोठा उपसा बागांचा आहे आणि तो खडकातून होतो. रेतीचा प्रश्न नदीकाठच्या पाणीयोजनेच्या विहिरीचा आहे. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी पात्राची पातळी आणि काठच्या विहिरीची पातळी एकाच कागदावर, एकाच खुणेपासून मोजून लिहावी लागते. दोरी, वजन आणि मीटरपट्टी एवढ्यावर शाळेलाही ही नोंद ठेवता येईल. पहिली मे अखेरीस, दुसरी दिवाळीनंतर.