कौशल्य की नशीब? नळराजापासून पोकरपर्यंत एकच प्रश्न

पत्त्यांच्या इतिहासावरच्या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना जिथे पसरट झालं होतं तिथे थोडं आवरलंय, बाकी बाज तोच ठेवलाय.

मी कोड लिहितो हिंजवडीत, म्हणजे कागदोपत्री मुळशी तालुक्यात. आमच्याकडे आयटीतल्या पोरांना पोकरचं आकर्षण वाटतं, आणि त्यात नवल नाही. खेळात गणित आहे, संभाव्यता आहे, समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज आहे. शिकायला बसलेला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारतो: हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा?

आता गंमत अशी की हाच प्रश्न आपल्याकडच्या गोष्टींनी, कायद्यांनी आणि कोर्टांनी फार आधीपासून विचारून ठेवलाय. आज त्याचा माग काढू. आणि नवशिक्याने तो प्रश्न जरासा बदलून का विचारायला हवा, तेही बघू.

सुरुवात नळराजापासून. महाभारतातल्या वनपर्वात, द्यूतात सगळं हरून वनात आलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी ही कथा सांगतात. नळ भाऊ पुष्कराशी फासे खेळतो आणि राज्य घालवतो. दमयंतीपासून दुरावतो आणि पुढे बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. इथपर्यंतची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्यानंतरचा भाग मात्र फार कमी जणांच्या लक्षात राहतो.

रथ विदर्भाकडे धावत असताना ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे बोट दाखवतो आणि त्याच्या फांद्यांवर पानं किती, फळं किती हे नुसतं पाहून सांगतो. नळ रथ थांबवतो, खाली उतरतो आणि फळं मोजतो. आकडा बरोबर निघतो! ऋतुपर्ण म्हणतो, मी फाशांचं मर्म जाणतो आणि मोजण्यातही निपुण आहे. मग नळ त्याला अश्वविद्या देतो आणि बदल्यात हे ‘अक्षहृदय’ शिकून घेतो. ते शिकताक्षणी कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो.

झाड बेहड्याचंच का? कारण जुन्या काळी द्यूतात बेहड्याची फळंच फासे म्हणून वापरत. आपल्या सह्याद्रीत मिळणारा, त्रिफळा चूर्णात पडणारा तोच हा बेहडा. म्हणजे ज्या फळांनी नळ हरला, तीच मोजायला तो शिकला. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या इतिहासावरच्या आपल्या पुस्तकात या प्रसंगाची मुद्दाम दखल घेतलीय. थोडा नमुना पाहून सगळ्याचा अंदाज बांधायचा आणि तोच हिशोब फाशांना लावायचा, हे दोन्ही एका श्वासात सांगणारी ही फार जुनी गोष्ट आहे.

पण एक बारकावा बघा. विद्या शिकून परतलेला नळ पुष्कराला एकाच डावात हरवतो. कथेला एक डाव पुरतो. आपल्याला पुरत नाही, आणि हेच पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

आता फाशांकडून पत्त्यांकडे. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफात ९६ गोल पत्ते असतात, आठ रंगांचे प्रत्येकी बारा. आपल्याकडे त्याचं दशावतारी रूप रुळलं: दहा अवतारांचे दहा रंग, एकूण १२० पत्ते. सावंतवाडीत हे पत्ते हाताने रंगवत. कला मरायला टेकली तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तिला नवा जीव दिला. दिवसा खेळायला बसलं तर रामाच्या रंगाचा राजा ज्याच्या हातात तो पहिली उतारी करणार, रात्री कृष्णाच्या रंगाचा. वाटप नशिबाचं, पण कोणते पत्ते पडून गेले हे ज्याच्या ध्यानात राहतं तो जिंकतो. या खेळाचा सगळा भार स्मरणशक्तीवर आहे.

इंग्रजी अमदानीत कायदा आला आणि या सरमिसळीची कायद्याच्या भाषेत वाटणी करावी लागली. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा, आणि आपल्या इलाख्यासाठी १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. हा दुसरा कायदा महाराष्ट्रात अजून चालू आहे. त्याच्या १३ व्या कलमात एक छोटी वाट ठेवलीय: निव्वळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही. जुगाराच्या व्याख्येत मात्र पाऊस पडेल की नाही, किती पडेल यावरच्या पैजासुद्धा बसवल्यात, कारण त्या काळी मुंबईत पावसावर सट्टा जोरात चाले.

पण ‘निव्वळ कौशल्य’ म्हणजे काय? इथून पुढची कहाणी कोर्टात घडते.

१९५७ साली सर्वोच्च न्यायालयात मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला हा खटला आला. मामला शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धेचा. बंगळूरहून चालणारी ही स्पर्धा मुंबई राज्यातही लोकप्रिय होती. लोक पैसे भरून कोडी सोडवत, पण बरोबर उत्तर म्हणजे आयोजकाने आधीच ठरवून पाकिटात बंद केलेलं उत्तर. अशा स्पर्धेत डोकं किती आणि अंदाजपंचे किती? सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकालात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्ताचा आणि महाभारताचा दाखला दिला आणि म्हटलं की जुगार हा व्यापार मानता येत नाही, म्हणून त्याला संविधानातलं व्यापाराचं संरक्षण मिळत नाही.

दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, रमीची पाळी आली. सिकंदराबादच्या एका क्लबवर धाड पडली होती. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी सांगितलं की रमी ही तीनपत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही. पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवावं लागतं, त्यामुळे कौशल्याचा भाग मोठा आहे. हे वाक्य पुढे सगळ्यांनी उचललं. ऑनलाइन रमी आणि पोकरवाल्यांचा तर ‘कौशल्याचा खेळ’ हाच मुख्य युक्तिवाद झाला.

त्याच निकालात आणखी एक मुद्दा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा किंवा क्लबचा मालक नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. म्हणजे कोर्टाने खेळाबरोबर खेळवणाराही पाहिला होता. हा मुद्दा धरून ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता पोकर. जन्म एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत, आणि प्रसार मिसिसिपी नदीतल्या आगबोटींतून. आज सगळीकडे खेळतात तो प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम: प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे. ५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांपैकी फक्त सहा जोड्या एक्का-एक्का असतात, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा.

यातूनच नवशिक्याचा पहिला धडा निघतो: पत्ते टाकायला शिका. भरल्या टेबलावर चांगला खेळाडू दहातले सात-आठ डाव सुरुवातीलाच फोल्ड करतो. आपल्याकडे मेंढीकोट खेळून मोठं झालेल्या माणसाला हे जड जातं, कारण तिथे आलेले पत्ते खेळावेच लागतात. पोकरमध्ये गप्प बसणं हीसुद्धा चाल असते.

दुसरा धडा: किंमत बघा. समजा मध्ये १०० चिप्स आहेत आणि समोरच्याने ५० लावल्या. तुम्हाला ५० भरून १५० जिंकायच्या आहेत. म्हणजे चारातून एकदा जिंकलात तरी बरोबरी. आता तुमच्याकडे बदामचे चार पत्ते आहेत, फ्लशला एक हवा, आणि एकच पत्ता उघडायचा बाकी आहे. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम, म्हणजे २० टक्क्यांच्या आत. हवे होते २५. मग कितीही ‘येईल असं वाटत’ असलं तरी पत्ते टाकायचे. ऋतुपर्णाने झाडाकडे पाहून केला तसाच हा हिशोब आहे.

तिसरा धडा सगळ्यात अवघड: निर्णय वेगळा, निकाल वेगळा. एक्का-एक्का घेऊन कुठल्याही दोन अनोळखी पत्त्यांविरुद्ध सगळं लावलंत, तर जिंकायची शक्यता साधारण ८५ टक्के. म्हणजे सात वेळांतून एकदा, सगळं बरोबर करूनही हराल. त्यानंतर चिडून पुढचे दहा डाव वेड्यासारखे खेळणं याला पोकरमध्ये टिल्ट म्हणतात. महाभारताने त्यालाच नळाच्या अंगात शिरलेला कली म्हटलं असावं, असं मला वाटतं. बाकी सगळं बुद्धीने शिकता येतं, हा धडा मात्र सवयीनेच अंगी येतो.

आता मूळ प्रश्नाकडे. दहा ओळींचा प्रोग्राम लिहिलात तरी हे दिसतं. समजा तुम्ही समोरच्यापेक्षा चांगले आहात, इतके की प्रत्येक फेरी जिंकण्याची तुमची शक्यता ६० टक्के. एका फेरीत चाळीस टक्के वेळा तुम्ही हरणार. नऊ फेऱ्या खेळलात तरी सुमारे २७ टक्के वेळा कमी कसबी माणूसच पुढे असेल. शंभर फेऱ्यांत मात्र तो पुढे असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत येते. खेळ तोच, माणसं तीच, फक्त फेऱ्या वाढल्या. आणि पोकरमधला खरा फरक साठ-चाळीसपेक्षा फार बारीक असतो, त्यामुळे तिथे शेकड्यांऐवजी हजारो डाव लागतात.

म्हणजे ‘कौशल्य की नशीब’ याचं उत्तर एकट्या खेळात सापडत नाही. किती डावांचा विचार करताय यावर ते अवलंबून आहे. एका रात्रीचं पोकर बरंचसं नशिबाचं, वर्षाचं पोकर बरंचसं कौशल्याचं. कोर्टाला एका खेळाला एकच नाव द्यावं लागतं. खेळणाऱ्यावर तशी सक्ती नाही.

आणि आता तो १९६७ चा मुद्दा. खेळवणारा प्रत्येक डावातून आपला हिस्सा कापतो, त्याला रेक म्हणतात. समजा सहा मित्र प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले. प्रत्येक डावात सरासरी २०० रुपये मध्ये येतात, त्यातले १० कापले जातात, तासाला ३० डाव. तासाला ३०० रुपये गेले. वीस तासांत टेबलावरचे सहा हजार संपले! सगळे तितकेच हुशार असले तरी सगळे हरले. आमच्या ओळखीतल्या एका मित्राने दोन वर्षांच्या ऑनलाइन खेळाचा हिशोब एक्सेलमध्ये मांडला होता. इतर खेळाडूंशी तो जवळपास बरोबरीत होता. तोट्याचा जवळजवळ सगळा आकडा कापलेल्या पैशांचा निघाला. त्याची बहीण तेव्हा शिक्षणासाठी कर्ज शोधत होती, आणि तो आकडा तिच्या एका वर्षाच्या फीएवढा होता.

सरकारांनी या सगळ्याचं काय केलं? १९७६ या एकाच सालचे दोन कायदे शेजारी ठेवून बघा. महाराष्ट्राने कॅसिनो नियंत्रण आणि कराचा कायदा केला, पण तो कधी अमलातच आणला नाही. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. गोव्याने त्याच वर्षी जुगारबंदीचा कायदा केला, आणि १९९२ व १९९६ च्या दुरुस्त्यांनी आधी पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना, मग बोटींवरच्या खेळांना वाट करून दिली. म्हणून आज मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी दिसतात. पोकर पुन्हा नदीवरच!

आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने तर जुना प्रश्नच बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवणं बंद. शिक्षेचा रोख चालवणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यांवर नाही. हे योग्य की अति, यावर मतभेद आहेत आणि राहतील. पण खेळवणाऱ्याकडे बोट दाखवणं १९६७ पासूनचंच आहे, हे मात्र नोंदवायला हवं.

मग पोकर शिकूच नये का? जरूर शिका. चिप्स, राजमा, काहीही घेऊन मित्रांत बसा. वही ठेवा. डाव संपल्यावर ‘जिंकलो की हरलो’ याच्या आधी ‘तेव्हा जे माहीत होतं त्यावरून बरोबर ठरवलं का’ हे लिहा. नोकरी बदलताना, शेअर घेताना, घराचं कर्ज काढताना ही सवय कामी येते.

आणि कोणी ‘अरे, हा तर कौशल्याचा खेळ आहे’ म्हणत पैसे काढायला सांगितले, तर त्याच्याशी वाद घालू नका. फक्त विचारा: किती डावांनंतर? कोणाच्या पैशाने? आणि दर डावामागे कोण किती कापतंय?

भेटू पुढच्या भागात.