कामठीपासून फोमबोर्डपर्यंत : नमुना-युद्धविमानांचा इतिहास आणि चांदा-गडचिरोलीचा वेळू

नमुना-विमान म्हटले की सामान्य वाचकाच्या मनात खेळण्याची कल्पना उभी राहते. खरे विमान आधी झाले व त्याची लहान नक्कल मागाहून निघाली, असा समजही त्याबरोबर येतो. इतिहासाची साक्ष मात्र बहुतांशी उलट आहे. प्रस्तुत निबंधात फोमबोर्डच्या, बिनतारी संदेशाने चालणाऱ्या नमुना-युद्धविमानाचा विचार त्याच्या द्रव्यांवरून व त्याच्या अंगांना मिळालेल्या नावांवरून करावयाचा आहे. द्रव्य व नाव ही दोन्ही तपासली असता या नव्या वस्तूत चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांचा एक जुना धागा आढळतो.

प्रथम नावांकडे वळू. ‘विमान’ हा शब्द ‘वि’ उपसर्ग व ‘मा’ (मापणे) या धातूपासून सिद्ध झालेला आहे. रामायणातील पुष्पक हे विमान. आणि मंदिरशास्त्रात गर्भगृह व त्यावरील शिखर मिळून होणारी वास्तू हीही विमानच. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथील शिल्पसमृद्ध देवालये पाहणारा अभ्यासक दगडाच्या रचनेस जो शब्द लावतो, तोच शब्द त्याच तालुक्यातील विद्यार्थी काही शे ग्रॅम वजनाच्या फोमच्या रचनेस लावील. विमानाच्या शेपटीवरील उभ्या हलत्या फळीस आपण ‘सुकाणू’ म्हणतो. हा शब्द अरबी ‘सुक्कान’वरून नौकानयनाच्या व्यवहारातून मराठीत आला व समुद्रावरून आकाशात गेला. ‘थर्माकोल’ हे एका जर्मन कंपनीचे व्यापारी नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले आहे. इंग्रजीत ‘ड्रोन’ म्हणजे नर मधमाशी. तिचा विमानाशी संबंध कसा जडला, ते पुढे येईलच.

उड्डाणाचा इतिहास पाहता नमुना हा मूळ विमानाचा पूर्वज ठरतो. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलेरी उद्यानात आल्फोन्स पेनो याने पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे एक लहान विमान सुमारे ११ सेकंद उडविले व ते सुमारे ४० मीटर गेले. मागील आडव्या शेपटीने विमान आपोआप स्थिर राहते, हे त्या नमुन्याने सिद्ध केले. ६ मे १८९६ रोजी सॅम्युएल लँगली याचे वाफेच्या यंत्राचे मानवरहित नमुना-विमान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. याच काळात, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी मानवरहित विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. परंतु तिला समकालीन निर्विवाद पुराव्याचा आधार मिळालेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाशी ही कथा जोडली जाते, तो विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडण्यास असमर्थ आहेत, असा निष्कर्ष बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. अभिमानास पुराव्याची जोड नसली म्हणजे तो इतिहासाच्या कामी येत नाही.

युद्धाशी नमुन्याचा संबंध विसाव्या शतकात दृढ झाला. १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये तोफचींच्या सरावासाठी ‘क्वीन बी’, म्हणजे राणी माशी, या नावाचे बिनतारी नियंत्रणाचे वैमानिकरहित विमान वापरात आले. ‘ड्रोन’ हे नाव या राणी माशीवरूनच पुढे रूढ झाले, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेत रेजिनाल्ड डेनी या चित्रपटनटाने नमुना-विमानांच्या छंदातून कारखाना काढला; दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील आराखड्यांची सुमारे १५,००० लक्ष्य-विमाने तयार झाली. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शत्रू-मित्रांची विमाने ओळखण्याच्या शिक्षणासाठी पाच लक्ष नमुने मागविले, व ते शाळांतील मुलांनी घडविले. भारतात १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली, आणि तिच्या वायुशाखेत नमुना-विमानविद्या हा शिक्षणाचा भाग झाला. तात्पर्य, खेळणे व शस्त्र यांच्यामधील भिंत या क्षेत्रात कधीच भक्कम नव्हती.

आता द्रव्याचा विचार करू. आरंभीचे नमुने बांबू, कागद व रेशीम यांचे असत. पुढे दक्षिण अमेरिकेतील बाल्सा हे अत्यंत हलके लाकूड प्रमुख झाले. नोव्हेंबर १९४० मध्ये प्रथम उडालेल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ या युद्धविमानाचा सांगाडा बर्चच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये बाल्साचा थर बसवून केलेला होता. फोमबोर्डचे तत्त्व नेमके हेच होय : बाहेर दोन कागद, मध्ये पॉलिस्टायरीनच्या फेसाचा सुमारे पाच मिलिमीटरचा थर. फळी वाकू लागली की ताण व दाब बाहेरचे कागद सोसतात. मधला थर त्यांना केवळ परस्परांपासून दूर ठेवतो. म्हणून एका बाजूचा कागद चिरून ताव दुमडला असता दुसरा कागद बिजागरीचे काम करतो, आणि सुकाणू त्यावरच हलते.

अशा विमानात वजनाचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. पंखांचे क्षेत्रफळ २० चौरस डेसिमीटर व वजन ६०० ग्रॅम असल्यास दर चौरस डेसिमीटरवर ३० ग्रॅमचा भार येतो. किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे वजन दीडपट झाले तर तो सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो, व नवख्याच्या हातून विमान पडते. नाशिकजवळ ओझर येथे ज्याची बांधणी होत असे व जे २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय वायुसेनेतून निवृत्त झाले, त्या मिग-२१ चा त्रिकोणी पंख सपाट तावातून सहज कापता येतो. म्हणून असे आकार फोमबोर्डास विशेष मानवतात. तथापि केवळ फोमने पंख टिकत नाही. त्याच्या पोटात आडवी काठी घालावी लागते. पंख रबराने बांधावयाचे तर धडातून काड्या आरपार न्याव्या लागतात. या काड्या बहुधा बांबूच्याच असतात.

येथे आपण वनजिल्ह्यांशी येऊन पोहोचतो. पतंगाची ‘कामठी’ म्हणजे वाकविता येणारी वेळूची चीप. धनुष्य या अर्थाचा ‘कामठा’ हा तिचाच सगोत्र शब्द. वाकून पुन्हा सरळ होण्याचा जो गुण धनुष्यास हवा, तोच पतंगास व पंखास हवा. या भागातील ‘मानवेल’ जातीचा बांबू जवळजवळ भरीव असल्याने त्याच्या काड्या मजबूत निघतात. परंतु हा बांबू येथील माणसाच्या हाती सहज नव्हता. १९२७ च्या वनकायद्याने त्याची गणना वृक्षांत केली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागदगिरणीस या जंगलांतील बांबू मिळत राहिला; बुरूड व आदिवासी यांना मात्र परवान्याची वाट पाहावी लागे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. २०१७ मध्ये वनाबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला.

बांबू असा मोकळा होत असता आकाश नियमबद्ध होत गेले. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी देशाच्या आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग पाडले. लाल विभागात केंद्र शासनाच्या अनुमतीवाचून उड्डाण करता येत नाही. ताडोबासारख्या संरक्षित वनाचे निर्बंध निराळेच. शिवाय ज्या गडचिरोलीने दशकानुदशके सशस्त्र संघर्ष सोसला, तेथे आकाशात घरघरणारी वस्तू व तिचा युद्धविमानाचा आकार यांस निरागस मानणे सर्वांनाच शक्य नाही. ही शंका अनाठायी म्हणता येणार नाही.

तरीही त्या शंकेचा परिणाम असा होऊ नये, की या जिल्ह्यांतील मुलाने विमान केवळ खालून पाहावे. अनुमती घेऊन, शाळेच्या मैदानावर, शिक्षकाच्या देखरेखीखाली एक नमुना उडविला गेला, तर त्यातून भार, ताण व समतोल यांचे जे ज्ञान होते ते पाठ्यपुस्तकातील आकृतीने होत नाही. आणि त्या ज्ञानास लागणारे शब्द परक्याकडून आणावे लागत नाहीत. कामठी, चीप, कमान, सुकाणू हे शब्द बुरुडाच्या अंगणातून व नावाड्याच्या होडीतून आपल्याकडे आलेलेच आहेत. ज्या समाजाने वेळू वाकविण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्याच्या मुलांस पंखाची विद्या सर्वस्वी नवी नाही. तिचा अर्धा भाग त्यांच्या घरीच आहे.