जुनी जीप, नवा गियरबॉक्स

राजवंशांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ. यंत्रांचा लिहिणारे थोडे. वास्तविक यंत्राचा एखादा भाग बदलतो, तेव्हां त्याच्या मागें माणसाची बदललेली गरज उभी असते. दुसऱ्या महायुद्धांतील जीप आणि पुढें तिच्यांत बसविण्यांत येऊं लागलेला नवा गियरबॉक्स हें याचें बोधप्रद उदाहरण होय.

१९४० सालीं अमेरिकन सैन्याला चारहि चाकांना गति देणारी हलकी गाडी हवी होती. बँटम कंपनीनें आपला नमुना त्याच वर्षीं सप्टेंबरांत मेरिलँडमधील होलाबर्डच्या छावणींत आणून उभा केला. परंतु युद्धकाळीं जीपा मुख्यतः विलिज व फोर्ड यांच्या कारखान्यांतून बाहेर पडल्या, आणि त्यांची संख्या सहा लाखांवर गेली. साठ अश्वशक्तीच्या इंजिनामागें टी-८४ नांवाचा तीन गतींचा गियरबॉक्स असे. या गाडीचा दुबळा भाग हाच, असें जीपा दुरुस्त करणारांचें पुढें सर्वसाधारण मत झालें.

१९४५ त युद्ध संपलें आणि विलिजनें सीजे-२ए ही नागरी जीप विक्रीस काढली. तोफेमागून धांवणें हें एक काम; नांगर ओढीत दिवसभर मुंगीच्या पावलानें शेतांत चालणें हें अगदीं निराळें. म्हणून या जिपेला टी-९० हा अधिक भक्कम गियरबॉक्स मिळाला. शिवाय त्याच्या मागची दुसरी पेटी, जिला ट्रान्स्फर केस म्हणतात ती, आणि आंसांतील दांतेचक्रें हींहि बदललीं. परिणाम असा कीं, सर्वांत हळू चालीच्या वेळीं सैनिकी जिपेच्या चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाचे सुमारें २६ फेरे होत, ते नागरी जिपेंत सुमारें ३७ झाले. शिपायाचा शेतकरी झाला तो असा!

जुन्या सैनिकी जिपेंत टी-९० बसविण्याची प्रथा यांतूनच निघाली. परंतु येथें एक हिशेब ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पहिल्या गतीचें प्रमाण टी-८४ मध्यें २.६७ आहे, तर टी-९० मध्यें २.८०. नुसता गियरबॉक्स बदलला तर २६ चे जेमतेम २७ होतात. म्हणजे लाभ होतो तो बळकटीचा. शेतकऱ्याची चाल त्यानें येत नाहीं. बदल करणारानेंहि निवड डोळसपणें केली पाहिजे. आरंभींच्या सीजे-२ए मध्यें गियरची दांडी सुकाणूच्या खांबावर होती, ती नंतर जमिनीवर आली. सैनिकी जिपेला ही दुसरीच सोयीची. ट्रान्स्फर केस गियरबॉक्सच्या पाठीलाच घट्ट जोडलेली असल्यामुळें दंडाची लांबी व दांत्यांची जुळणी आधीं मोजून पाहावी लागते.

मुंबईच्या महिंद्र कंपनीनें विलिजच्या परवान्यानें जीपा जुळविण्यास त्याच दशकाच्या अखेरीस आरंभ केला, आणि ही वंशावळ आपल्याहि रस्त्यांवर आली. तेव्हां जुन्या गाडींत नवा भाग घालावा कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याला परका नाहीं.

शुद्धतावाद्यांचा आक्षेप असा, कीं गियरबॉक्स बदललेली जीप ही १९४२ ची जीप उरत नाहीं. हा आक्षेप पोकळ नव्हे. जुनी वस्तु हा एक पुरावा असतो, आणि पुराव्यांत फेरफार करणें इतिहासाला मानवत नाहीं. पण आपण देवळाचा जीर्णोद्धार करतों तेव्हां खचलेला खांब बदलतों, आणि देऊळ तेंच राहतें, कारण पूजा चालू राहते. चालणें हीच गाडीची पूजा. माझ्या मतें मर्यादा एकच असावी: जो बदल उलट फिरवितां येतो तो क्षम्य, ज्यासाठीं गाडीचा सांगाडा कापावा लागतो तो अक्षम्य. काढलेला टी-८४ भंगारांत न टाकतां, तेल लावून, तो कोणत्या गाडीचा व कोणत्या सालीं काढला याची चिठ्ठी बांधून ठेवावा. गाडी रस्त्यावर चालेल, आणि पुरावा फळीवर शाबूत राहील.