रोगण

शिडाच्या नौकेचे सागवानी कठडे चकचकीत ठेवणारे जुने कारागीर अजून ‘रोगण’ म्हणतात, तेव्हा फार बरं वाटतं. हा शब्द आला फारसीतून. तिथे ‘रोगन’ म्हणजे तेल, तूप, कुठलाही स्निग्ध पदार्थ. त्याच्याही मागे गेलं तर अवेस्तातला ‘रओघ्न’ भेटतो, त्याचा अर्थ लोणी! हकिमांच्या ‘रोगन बदाम’मध्ये तो तेलच राहिला. कच्छमधल्या निरोणा गावात एरंडेल उकळून घट्ट करतात आणि त्यात रंग मिसळून कापडावर नक्षी काढतात. तिचंही नाव रोगन. मराठीत मात्र तो लाकडावर चढला आणि चकाकी देणारा लेप झाला.

अर्थ बदलला, पण तेलाशी नातं तुटलं नाही. जुन्या पद्धतीचं रोगण जवसाच्या तेलात राळ शिजवूनच होई. हे तेल नुसतं वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन कडक होतं. नौकेवर पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ द्यायचा, म्हणजे तो लाकडात मुरतो. मग प्रत्येक हात वाळला की बारीक पॉलिशपेपर फिरवायचा, धूळ पुसायची आणि पुढचा हात द्यायचा. असे सहा-सात थर तरी हवेत. ऊन आणि खारं पाणी त्यांना सतत खात असतं, म्हणून दर हंगामात वरून एक-दोन हात द्यावेच लागतात.

आज दुकानात ‘व्हार्निश’ मागतात, घरच्या फर्निचरला ‘पॉलिश’ करतात. रोगण उरलं ते जुन्या सुतारांच्या बोलण्यात आणि शब्दकोशात. ते रोजच्या वापरात राहायला हवं.